एकमत दिसणें आणि एकमत होणें



मंडळींत, पंचायतींत किंवा घरांत एखादी गोष्ट ठरवावयाची झाली म्हणजे आपल्यापुढें दोन मार्ग असतात. पहिला मार्ग हात मोजण्याचा. तीस जण बसले, अठरांनीं हात वर केला, बारांनीं केला नाहीं, अठरांचें झालें. हा मार्ग सरळ आहे, लवकर संपणारा आहे, आणि मोठ्या राज्याच्या कारभारास त्यावांचून चालत नाहीं. परंतु त्यांत ते बारा जण मागें राहतात. सभा उठली तरी ते कोठें जात नाहींत. उद्यां सकाळीं पाण्यावर त्यांची व आपली गांठ पडावयाची आहे, त्यांच्याच पोरांबरोबर आपलीं पोरें खेळावयाचीं आहेत, आणि आपल्या घरीं कोणी मेलें तर खांदा द्यावयास तेच यावयाचे आहेत. ज्यांच्या शेजारीं जन्म काढावयाचा, त्यांस हरवून काय मिळविलें, हा विचार पुष्कळदां सभा संपल्यावर सुचतो.

दुसरा मार्ग सर्वांचें मन एक होईपर्यंत बोलण्याचा व ऐकण्याचा. आज त्याचाच विचार करूं. तो चांगला आहे एवढेंच सांगून भागणार नाहीं. तो किती कठीण आहे आणि त्यांत कोणता धोका दडलेला आहे, हेंही पाहिलें पाहिजे. त्यासाठीं प्रथम दूर देशींच्या कांहीं शेजाऱ्यांची हकीकत ऐका.

युरोपांत डेन्मार्क नांवाचा लहानसा देश आहे. तेथें लोक सुखवस्तु झाले, प्रत्येक कुटुंबाचें वेगळें घर व वेगळें कुंपण झालें, आणि त्याबरोबर शेजार तुटला. १९६४ सालीं यान गुडमन-हॉयर नांवाच्या वास्तुशिल्पज्ञानें मित्रांस जमवून असा विचार मांडिला कीं, प्रत्येकाचें घर स्वतंत्र असावें, पण अंगण, मुलांची खेळण्याची जागा व एक मोठें घर सर्वांचें मिळून असावें. त्यांनीं पसंत केलेल्या पहिल्या जागेच्या शेजाऱ्यांनींच विरोध केला आणि तो बेत सोडावा लागला. १९६७ सालीं बोदिल ग्रॉ या बाईंनीं वर्तमानपत्रांत लेख लिहून, मुलांस दोन नव्हे तर शंभर आईबाप असावेत, असें प्रतिपादिलें. त्यामुळें आणखी कुटुंबें पुढें आलीं. अखेर १९७२ सालीं कोपनहेगन शहराच्या उत्तरेस हिलरोद गांवाजवळ सेत्तेदामेन ही २७ घरांची वसाहत उभी राहिली. पुढें कॅथरिन मॅककॅमंट व चार्ल्स ड्युरेट या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञांनीं डेन्मार्कांत जाऊन या राहणीचा अभ्यास केला, १९८८ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि इंग्रजींत तिला ‘कोहाउसिंग’ हें नांव दिलें. १९९१ सालीं कॅलिफोर्निया प्रांतांतील डेव्हिस येथें म्यूर कॉमन्स ही २६ घरांची वसाहत वसली.

या वसाहतींत प्रत्येक कुटुंबाचें दार स्वतःचें, चूल स्वतःची व कमाईही स्वतःचीच असते. परंतु मध्यभागीं एक सामाईक घर असतें. त्यांत मोठें स्वयंपाकघर व पंगतीची जागा असते. आठवड्यांतून कांहीं दिवस पाळीपाळीनें रांधून सर्व एकत्र जेवितात. मोटारी बहुधा वसाहतीच्या कडेलाच ठेवितात, म्हणजे मुलांस मोकळेपणीं धांवतां येतें. वर कोणी धनी नाहीं. सर्व कारभार राहणाऱ्यांनींच पाहावयाचा. छपराच्या डागडुजीस प्रत्येकानें किती पैसा काढावा, कुत्रें मोकळें सोडावें कीं नाहीं, सामाईक चुलीवर मांस शिजवावें कीं नाहीं, मुलांनीं रात्रीं किती वाजेपर्यंत गलका करावा, असेच तेथील प्रश्न असतात. हे प्रश्न राज्य बुडविणारे नव्हेत. पण शेजार मोडतो तो अशाच प्रश्नांवरून मोडतो. म्हणून, विशेषतः अमेरिकेंत, यांपैकीं बहुतेक वसाहतींनीं हात मोजण्याची रीत बाजूला ठेवून सर्वसहमतीची रीत धरिली.

त्यांच्या सभेची साधारण पद्धत अशी. जो सूचना आणतो तो ती आधींच सर्वांस कळवितो. सभेंत प्रथम केवळ प्रश्न विचारावयाचे, वाद घालावयाचा नाहीं. मग चर्चा होते. चर्चेंत ज्या अडचणी निघतात त्या सर्वांसमोर लिहून ठेवितात व त्यांप्रमाणें सूचनेंत फेरफार करितात. सभा चालविणारा आपलें मत पुढें रेटीत नाहीं. अजून कोण बोललें नाहीं, याकडे त्याची नजर असते. शेवटीं प्रत्येकास चारांपैकीं एक उत्तर देतां येतें. ‘मी सहमत आहें.’ ‘माझी शंका आहे, ती नोंदवा, पण पुढें चला.’ ‘मला हें पटत नाहीं, तथापि मी बाजूस उभा राहतों, तुम्हांस अडवीत नाहीं.’ आणि चौथें, ‘हें मी अडवितों.’ कांहीं ठिकाणीं हें रंगीत पत्त्यांनीं दाखवितात. हिरवा म्हणजे होय, आणि तांबडा म्हणजे थांबा.

आतां एक दृष्टांत घ्या. समजा, सामाईक घराच्या दारापुढें चार दगडी पायऱ्या बांधावयाच्या असें ठरत आलें आहे. पंचवीस घरें राजी आहेत. सव्विसाव्या घरचा मनुष्य म्हणतो, ‘नाहीं.’ हात मोजले असते तर त्याचा शब्द वाऱ्यावर गेला असता. पण येथें त्याला विचारावेंच लागतें, ‘कां बरें?’ तो सांगतो, ‘माझी आई चाकांच्या खुर्चीवर बसते. पायऱ्या झाल्या म्हणजे ती पंगतीस कशी येणार?’ तेव्हां सर्वांस दिसतें कीं, पायऱ्यांऐवजीं उतार केला तर म्हातारी आंत येईल, तान्ह्या मुलाची गाडी येईल, आणि धान्याचें पोतें ओढून आणणेंही सोपें होईल. त्या एकाच्या ‘नाहीं’मध्यें पंचवीस घरांस ठाऊक नसलेली गोष्ट होती. ती हात मोजून कळली नसती; ती विचारून कळली.

पण तोच मनुष्य ‘मला काळा दगड आवडत नाहीं’ एवढ्यासाठीं अडून बसला असता तर? तर तें ‘नाहीं’ निराळें. ‘मला हें नकोसें वाटतें’ आणि ‘यानें आपणां सर्वांचें नुकसान होईल’ या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचें अंतर आहे. अडविण्याचा अधिकार दुसऱ्या गोष्टीसाठीं दिलेला असतो, पहिलीसाठीं नव्हे. हॉलंडांतील क्वेकर शिक्षक केस बूके यांनीं १९२६ सालीं बिल्टहोवन येथें शाळा काढिली. तिच्यांत मुलें व शिक्षक मिळून कारभार ठरवीत. त्याच शाळेंत शिकलेले गेरार्ड एंडेनबर्ग यांनीं पुढें आपल्या विजेच्या कारखान्यांत ही रीत चालविली व प्रश्नच बदलला. ‘तुम्हांस हें आवडतें काय?’ असें न विचारतां, ‘हें केल्यास आपल्या कामास बाध येईल असें सबळ कारण तुम्हांपाशीं आहे काय?’ असें ते विचारीत. आज कित्येक वसाहती हाच प्रश्न विचारितात. हा प्रश्न ज्यानें स्वतःच्या मनास प्रामाणिकपणें विचारिला, त्याचा अर्धा हट्ट तेथेंच गळून पडतो.

प्रियहो, ही रीत या वसाहतींनीं नव्यानें शोधून काढिली असें नाहीं. तिचें एक मोठें मूळ इंग्लंडांत आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशानें जो क्वेकर, म्हणजे फ्रेंड्स, लोकांचा समाज उभा राहिला, त्याच्या कारभाराच्या सभेंत मतें घेतच नाहींत. नर्मदातीरीं होशंगाबाद, आतांचें नर्मदापुरम, येथें ज्यांच्या मिशनचें काम चालत असे, तेच हे लोक. त्यांची सभा स्तब्धतेनें सुरू होते. एकाचें बोलणें संपलें कीं दुसरा लगेच तोंड उघडीत नाहीं. ऐकलेलें मनांत उतरावें म्हणून मध्यें कांहीं वेळ शांत बसतात. सभेचा लेखक सर्वांचें मन कोठें येऊन ठेपलें तें ओळखून लिहितो आणि लिहिलेलें तेथल्या तेथें वाचून दाखवितो. आपणांपैकीं बहुमत कोठें आहे हें ते शोधीत नाहींत. देवाची इच्छा कोणती हें शोधितात, आणि ती सर्वांत लहान माणसाच्या तोंडूनही प्रगट होईल या भीतीनें व आशेनें ऐकतात.

त्याहूनही जुना दाखला प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकांत आहे. सहाव्या अध्यायांत यरुशलेमांतील मंडळींत कुरकुर उठली. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वांटणींत दुर्लक्ष होत होतें. त्या परभाषेच्या होत्या व घरीं कर्ता पुरुष नव्हता. हात मोजले असते तर त्यांची दाद कदाचित् लागली नसती. प्रेषितांनीं सर्व मंडळीस बोलाविलें, आणि मंडळीनें सात सेवक निवडिले. त्या सातांचीं नांवें वाचा; तीं सर्व ग्रीक आहेत. जिकडून तक्रार आली तिकडच्याच हातीं वांटणीचें माप दिलें गेलें, असें त्यावरून दिसतें.

पंधराव्या अध्यायांत त्याहून मोठा वाद आहे. विदेशी विश्वासणाऱ्यांवर मोशेच्या नियमशास्त्राचें जूं ठेवावें कीं नाहीं? तेथें वाद दाबून टाकिला नाहीं. पुष्कळ वादविवाद झाला असें लेखक उघड सांगतो. पेत्र बोलला. मग सर्व समुदाय गप्प राहिला आणि बर्णबा व पौल यांचें ऐकून घेतलें. शेवटीं याकोबानें निकाल सुचविला. त्यांत जूं ठेविलें नाहीं. परंतु मूर्तींचा नैवेद्य, रक्त इत्यादि ज्या गोष्टींनीं यहूदी बंधूंच्या मनास धक्का बसेल त्या वर्ज्य कराव्या असें सांगितलें. ज्यांचें म्हणणें मान्य झालें नाहीं त्यांच्याही मनांतील कळकळ त्या पत्रांत उतरली आहे. आणि त्याच अध्यायाच्या शेवटीं, योहान मार्कास बरोबर न्यावें कीं नाहीं यावरून पौल व बर्णबा यांचा तंटा होऊन ते निरनिराळ्या वाटांनीं गेले, हेंही शास्त्र लपवीत नाहीं. एवढ्या मोठ्या भक्तांचेंही प्रत्येक गोष्टींत एकमत झालें नाहीं. म्हणून एखादे वेळीं तें न साधलें तर निराश होऊं नये, आणि साधल्याचें सोंग तर मुळींच करूं नये.

आतां या मार्गावरील तीन खड्डे सांगतों.

पहिला खड्डा हट्टाचा. ज्या सभेंत एकाच्या ‘नाहीं’नें सर्व थांबतें, तेथें एक हट्टी मनुष्य सर्वांचा राजा होतो. वसाहतींस हें लवकरच कळलें. म्हणून पुष्कळांनीं नियम केला आहे कीं, जो अडवील त्यानें घरीं जाऊन बसूं नये. सूचना आणणाऱ्याबरोबर पुनः बसून दुसरी वाट शोधावी. कांहीं सभा झाल्यावरही वाट निघाली नाहीं तर मोठ्या बहुमतानें निर्णय घेण्याची तरतूद कित्येक ठिकाणीं लिहून ठेविली आहे. अडविणें हा अधिकार आहे तसेंच तें ओझें आहे.

दुसरा खड्डा थकव्याचा व भीतीचा. सभा लांबली म्हणजे ज्याला दम अधिक त्याचें खरें होतें. बाकीचे ‘होय’ म्हणतात तें पटलें म्हणून नव्हे, घरीं जावयाचें म्हणून. आपल्या गांवांत याला आणखी कारणें आहेत. दिवसभर मजुरी करून आलेला मनुष्य सभेंत डुलक्या घेतो. बाया चुलीपाशीं असतात, आणि त्यांच्या वतीनें नवरे बोलतात. ज्याच्याकडून आपण उसने पैसे घेतले आहेत त्याच्या तोंडावर ‘नाहीं’ म्हणणें सोपें नाहीं. मग लेखक वहींत लिहितो, ‘ठराव सर्वानुमतें मंजूर.’ बंधूंनो, ज्याची जीभ भीतीनें बांधलेली आहे त्याचें मौन हें संमति नव्हे.

तिसरा खड्डा सर्वांत खोल आहे, आणि त्यांत भले लोक पडले आहेत. १६८८ सालीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत जर्मनटाउन येथील चार जणांनीं, माणसांस गुलाम करून विकणें हें पाप आहे, असा लेख लिहून क्वेकरांच्या सभेपुढें ठेविला. स्थानिक सभेनें हा विषय आपणांस जड आहे म्हणून वरच्या सभेकडे पाठविला. तिनें तो आणखी वरच्या सभेकडे पाठविला. आणि तेथें तो तसाच राहिला. अनेक सभासदांच्या घरीं गुलाम होते, मग सर्वांचें मन एक कसें व्हावें? पुढें न्यू जर्सी प्रांतांतील जॉन वुलमन हा शिंपीकाम करणारा सौम्य मनुष्य गांवोगांव फिरून धन्यांच्या घरीं जाऊन बसे व त्यांच्याशीं या पापाविषयीं शांतपणें बोले. १७५८ सालीं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेंत तो कळवळून बोलला, आणि धन्यांच्या घरीं जाऊन त्यांची समजूत घालण्यासाठीं माणसें नेमलीं गेलीं. १७७२ सालीं वुलमन वारला. १७७६ सालीं त्या सभेनें ठरविलें कीं, जो गुलाम सोडणार नाहीं तो आमचा सभासद राहणार नाहीं.

यांत स्तुति करण्याजोगें पुष्कळ आहे. सबंध समाजानें आपल्या पोटावर पाय देऊन हें पाप टाकिलें, आणि तेंही सरकारी कायद्याची वाट न पाहतां. परंतु १६८८ पासून १७७६ पर्यंत ८८ वर्षें होतात. या ८८ वर्षांत सभेंतील बंधु एकमेकांचीं मनें दुखवूं नयेत म्हणून थांबले, आणि त्या थांबण्याची किंमत सभेंत नसलेल्यांनीं भरिली. ज्यांच्या पायांत बेडी होती त्यांस तेथें आसन नव्हतें. त्यांस विचारिलें असतें तर पहिल्याच दिवशीं ते काय म्हणाले असते? खोलींत बसलेल्यांचें एकमत हें ज्यांस झळ लागते त्यांचें एकमत नव्हे.

हें आपणांपैकीं पुष्कळांस पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. कित्येक गांवीं आपल्या वाडवडिलांनीं चावडीबाहेर उभें राहून आंतील ‘गांवाचें एकमत’ ऐकिलें आहे. कोणत्या पाणवठ्यावर कोणीं यावें, कोणत्या रस्त्यानें कोणीं जावें, हें आंत ठरे. आणि ज्यांच्याविषयीं ठरे ते उन्हांत उभे असत. त्या एकमतांत एकही विरोधी सूर नसे, कारण विरोध करणारास आंत घेतच नसत. ज्यांच्या घराण्यांनीं हें सोसलें, त्यांनीं आपल्या मंडळींत लहानशी चावडी पुनः उभारूं नये. आज आपल्या सभेबाहेर कोण उभें आहे? नव्यानें आलेलें कुटुंब? एकटी राहणारी विधवा? हंगामासाठीं परगांवीं गेलेले ऊंसतोडणी कामगार?

हें काम केवळ दूर देशींच्यांसच साधतें असें कोणीं म्हणूं नये. आपल्या महाराष्ट्रांत गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) हें गोंड लोकांचें लहान गांव आहे. तेथील ग्रामसभा बहुमतानें नव्हे तर सर्वांच्या सहमतीनें निर्णय घेते, आणि तींत स्त्रिया व पुरुष बरोबरीनें बसतात. निर्णयापूर्वीं विषय नीट समजावा म्हणून त्यांनीं अभ्यासगट चालविले. अभ्यासगटानें समजून घ्यावयाचें, ठरवावयाचें नाहीं. ठरविणें हें सर्व गांवाचें काम. २००९ सालीं या गांवास वनहक्क कायद्याखालीं सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. ज्या गांवाला एकमेकांचें ऐकून घेण्याची संवय होती त्या गांवाला आपला हक्क मागतांना एका तोंडानें बोलतां आलें.

म्हणून, उपदेशक बंधूंनो व मंडळीच्या वडिलांनो, थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. पुढील सभेंत देवळाच्या दुरुस्तीचा किंवा सुगीच्या दानाचा विषय निघेल, तेव्हां आठ दिवस आधीं तो घरोघर कळवा. मजुरीहून लोक परत येण्याच्या वेळेनंतर सभा भरवा, आणि चहा करणाऱ्या बाईस चूल सोडून येऊन बसूं द्या. आरंभीं थोडा वेळ स्तब्ध बसा. जो फार बोलतो त्यास शेवटीं बोलवा, आणि जो कधींच बोलत नाहीं त्यास नांव घेऊन विचारा. सभेंत त्याला धीर होत नसेल तर आदल्या दिवशीं त्याच्या ओट्यावर जाऊन विचारा. कोणी ‘नाहीं’ म्हटलें तर रागावूं नका, ‘कां बरें?’ एवढेंच म्हणा व उत्तर पुरतें ऐका. ‘नाहीं’ म्हणणारानेंही स्वतःस विचारावें, हें माझ्या आवडीसाठीं आहे कीं मंडळीच्या हितासाठीं? ठरेल तें लिहा, तेथेंच मोठ्यानें वाचून दाखवा, आणि जो बाजूस उभा राहिला त्याची अडचणही लिहा. पांच सहा महिन्यांनीं पुनः विचार करूं, असें ठरवून ठेविलें तर पुष्कळांचें भय कमी होतें. परंतु ज्या गोष्टींत दुर्बळावर उघड अन्याय होत आहे ती गोष्ट सर्वांच्या मनाची वाट पाहत ठेवूं नका. भिंतीस कोणता रंग द्यावा यासाठीं वर्षभर थांबलें तरी चालेल. विधवेची भाकर थांबवितां येत नाहीं.

यांत वेळ जातो हें खरें. परंतु घाईनें ठरवून मग रुसलेल्यांच्या घरीं वर्षानुवर्षें खेपा घालाव्या लागतात, तोही वेळच आहे. एका विषयावर हरलेलें कुटुंब मंडळी सोडून जातें, त्याच्या मागें त्याचे सोयरे जातात, आणि एका लहान गांवांत दोन उपासना वेगवेगळ्या दारांआड चालू होतात. असें आपल्या मंडळ्यांत घडूं नये. आपणां सर्वांस एकाच मेजावरून भाकर घ्यावयाची आहे.

ज्यानें वाटेच्या कडेस बसलेल्या आंधळ्याची हांक जमावाच्या गलक्यांतून ऐकिली व थांबून त्याला विचारिलें, तो प्रभु आपणांस ऐकणारे कान देवो, ‘नाहीं’ म्हणण्याचें धैर्य देवो, आणि तें मागें घेण्याची नम्रताही देवो. आमेन.